नातेवाईकांनी बाहेर थांबावे

"माझ्याजवळ ती शांत झोपते," असं मी भेटायला येणाऱ्या सगळ्यांना सांगत होते. चर्चमधल्या बायका आल्या, आईचे जुने सहकारी आले, कोल्हापूरहून माझा नवरा येऊन गेला. सगळ्यांना हेच सांगितलं. त्यात थोडी प्रौढीही होती. मी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले की आईचे डोळे जड व्हायचे, कपाळावरच्या आठ्या सैल पडायच्या आणि भिंतीवरच्या छोट्या पडद्यावरचा आकडा खाली यायचा. लेक उशाशी आहे म्हणून आईला झोप लागते, यात न पटण्यासारखं काय होतं? ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. माझेही येत.

मालनमावशीला मात्र ते पटत नव्हतं.

"झोपती कुठली?" ती म्हणाली. "माझ्यासमोर तर पाखरागत किलबिल चाललेली असती तिची. काल त्या व्हिडिओवरनं तपासणाऱ्या डॉक्टराची नक्कल करून दाखवली मला. हसून हसून कवळी बाहेर आली गं माझी."

मालन मगदूम आणि आई मिरजेत एकाच बॅचला नर्सिंग शिकल्या. मावशी मेट्रन होऊन निवृत्त झाली. दोन गल्ल्या पलीकडे राहते. रोज सकाळी नाश्ता उरकून यायची, आईला पुसून घ्यायची, डायपर बदलायची, केस विंचरायची. मी कोल्हापूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. आईच्या आतड्याचा कॅन्सर यकृतात गेल्याचं कळलं तेव्हा मी रजा टाकून आले, आणि मावशीला म्हटलं, आता मी आहे, तू दमू नकोस. ती तरीही यायची.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात नाचणीची पेज ढवळत होते. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. आई कुणा जुन्या सर्जनबद्दल सांगत होती, मावशी "गप गं, मेला बिचारा," म्हणत होती आणि पुन्हा हसत होती. मी वाटी घेऊन आत गेले. आईने माझ्याकडे पाहिलं, उशीवर जरा वर सरकायचा प्रयत्न केला, पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

"हां, तर तो सर्जन..." मी म्हटलं, "पुढे काय झालं?"

"पुढे..." आई म्हणाली. तिची जीभ जड झाली. "पुढे काय, मालन..."

पेज निवायच्या आत ती झोपली होती.

"तुझा पायगुण झोपेचा हाय बघ," मावशी म्हणाली. "तुझ्या वर्गात पोरं बी अशीच झोपत असतील."

मी हसले. पण ती गेल्यावर मी फोनवर आईचा आलेख उघडला.

*

आलेख कशाचा, ते सांगायला हवं.

आई म्हणजे डॉ. एस्तेर रणभिसे. नर्सिंगमध्ये पीएच.डी. केली, देशोदेशी व्याख्यानं दिली, तरी मिरजेत तिला सगळे सिस्टरच म्हणत आणि तिलाही तेच आवडे. ती कॅन्सर वॉर्डात स्टाफ नर्स होती तेव्हा रुग्णाला काही विचारलं की उत्तर नातेवाईक देत. "काय होतंय बाबा?" असं रुग्णाला विचारावं आणि मुलाने म्हणावं, "काही नाही सिस्टर, नुसतं जेवण जात नाही." बाबा मुलाच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "बरं हाय." निम्म्या घरांत रुग्णाला रोगाचं नावही सांगितलेलं नसे. गाठ आहे, पोटाचं आहे, उष्णतेचं आहे, इतकंच.

आईने एक पाटी रंगवून घेतली आणि दारावर लावली: नातेवाईकांनी बाहेर थांबावे. मुलगे चिडत, सुना रुसत. ती त्यांना चहा प्यायला पाठवून द्यायची, स्टूल ओढून रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीला बसायची आणि मग विचारायची. दार लोटलं की माणसं बोलत. 'वेदना' हा शब्द कुणीच वापरत नाही, हे तिच्या लक्षात आलं. ठणका असतो, कळ असते, आग होते, मुंग्या येतात. शून्य ते दहा असा आकडा द्या म्हटलं की लोक गोंधळत. म्हणून तिने तांब्याची चित्रं काढून घेतली: रिकामा, तळाशी, अर्धा, काठोकाठ. तुमच्या दुखण्याचा तांब्या किती भरलाय? हे सगळ्यांना कळायचं. तिची प्रश्नावली पुढे साऱ्या राज्यात गेली. मरणाच्या वाटेवरच्या माणसाचे दिवस कसे चाललेत हे त्याच्या डॉक्टरला नाही, मुलाला नाही, त्यालाच विचारायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी आईने आयुष्य घातलं.

आणि शेवटी ती विचारून थकली. वॉर्डात ती होती तोवर ठीक. पण माणसं मरायला घरी जात, आणि घरी पाटी नव्हती. घरी पुन्हा मुलगाच उत्तर देई.

तिची विद्यार्थिनी नम्रता खाडिलकर तोवर पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पोचली होती. तिने छातीवर चिकटवायची एक पट्टी बनवली. ही पट्टी हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, श्वासाची लय, घामातले क्षार आणि त्वचेखालच्या द्रवातली ताणाची रसायनं सतत मोजते. पण ही मोजमापं नुसती खुणांसारखी असतात. त्यांचा अर्थ यंत्राला शिकवावा लागतो. त्यासाठी खरी उत्तरं हवीत. ती आईकडे होती. काही वर्षं, अनेक गावांत, पट्टी लावलेल्या रुग्णांना आईच्या माणसांनी प्रश्नावली विचारली. शरीर असं वागतं तेव्हा माणूस 'अर्धा' म्हणतो, असं वागतं तेव्हा 'काठोकाठ', हे यंत्र शिकत गेलं. मग त्याला विचारायची गरजच उरली नाही. पट्टीवरून ते स्वतःच एक आकडा काढू लागलं. त्याला क्लेशांक म्हणतात. आकडा वर गेला की उशाजवळचा पंप वेदनाशामक आणि थोडं गुंगीचं औषध रक्तात सोडतो. आकडा उतरला की थांबतो.

आधी पंप डोस देण्यापूर्वी विचारत असे: औषध देऊ का? रुग्ण घरच्यांकडे बघून "नको, बरं आहे," म्हणत. म्हणून आईनेच तो प्रश्न काढायला लावला. "आता कुणाच्या तोंडाकडे बघायला नको," असं ती तेव्हा म्हणाली होती. आज असे पंप घरोघरी आहेत. आमच्याही घरी तोच होता.

*

पडद्यावर फक्त सरासरी दिसायची. फोनवरच्या आलेखात क्षणाक्षणाची रेघ होती. मालनमावशी होती त्या वेळेत रेघ सपाट होती. मग एकदम सरळ वर गेली होती, कड्यासारखी. तिथे एक लाल खूण: डोस. त्यानंतर उतार.

कडा जिथे होता, तिथे मी वाटी घेऊन आत गेले होते.

मी मागचे दिवस पाहिले. प्रत्येक कड्याला मी होते. सकाळचा चहा, दुपारी पांघरूण बदललं तेव्हा, संध्याकाळी उशी नीट करायला गेले तेव्हा. आईला माझ्यामुळे झोप लागत होती, हे खरंच होतं. मी आले की तिचा क्लेश वाढत होता, आणि तो वाढला की यंत्र तिला झोपवत होतं.

वर्गात मी मुलांना सांगते, दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नाही. आधी तपासून पाहा. मी तपासलं. ती जागी असताना दारात जाऊन उभी राहिले आणि काही न बोलता परत आले. आकडा चढला आणि उतरला. पुन्हा गेले, जवळ बसले. चढला, डोस, झोप. स्वतःच्या आईवर मी हा प्रयोग करत होते, आणि मी तो पुरा केला.

मी कुणाला काही सांगितलं नाही. मावशीला तर नाहीच. सांगायचं काय? की लेकीच्या नुसत्या येण्याने आईला यातना होतात, याचा यंत्राकडे पुरावा आहे? मी आत जाणं कमी केलं. उत्तरपत्रिका आल्यात, असं म्हणून गॅलरीत बसू लागले. मावशीला जास्त वेळ थांब म्हणू लागले. आणि या सगळ्यात मला हलकं वाटत होतं. झोपलेल्या आईशेजारी बसणं सोपं होतं, आणि आता तर तेही करावं लागत नव्हतं.

*

एका दुपारी मावशी जेवायला घरी गेली होती. माझा फोन वाजला. पडद्यावर 'आई'. ती आतल्या खोलीत होती, मी गॅलरीत. मध्ये एक भिंत.

"कुठे आहेस?"

"इथेच. पेपर तपासतेय."

"किती नापास?"

"निम्मे."

"दुष्ट आहेस." मग, "सुवार्ता, तू आत का येत नाहीस?"

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"मी आले की तू झोपतेस."

"आजारी माणूस झोपणारच."

"मावशीसमोर नाही झोपत." मग माझ्याच्याने राहवलं नाही. "मी आले की आकडा चढतो, आई. मग पंप औषध देतो. रोज. मी तपासून पाहिलंय."

आता ती रडेल, किंवा छे छे म्हणेल, असं मला वाटलं.

"किती चढतो?" तिने विचारलं.

"आई!"

"सांग ना. दारात आलीस की चढतो, का जवळ बसलीस की?" तिचा आवाज बदलला होता. वॉर्डात राउंडला निघायची तेव्हाचा आवाज होता तो.

"दारात थोडा. पांघरूण काढायला लागले की सगळ्यात जास्त."

"आणि मालन काढते तेव्हा?"

"नाही चढत."

नळाचं पाणी ठिबकत होतं, ते मला फोनमधूनही ऐकू आलं आणि भिंतीपलीकडूनही.

"अगं देवा," आई म्हणाली. "आम्ही सगळ्यांना बाहेर काढलं होतं."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे आधी कळायला हवं होतं. यंत्राला शिकवलेलं प्रत्येक उत्तर नातेवाईक बाहेर असताना घेतलं होतं. आईचा नियमच होता तो. यंत्राने आयुष्यात कधी असा रुग्ण पाहिलाच नव्हता, ज्याच्या खोलीत त्याची मुलगी आली आहे. अशा वेळी शरीर काय काय करतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याला एकच नाव माहीत होतं, क्लेश. आणि त्यावर एकच उपाय, औषध.

"म्हणजे मी आल्यावर तुला दुखत नाही?"

"दुखणं नाही ते."

"मग काय आहे?"

"समोर ये, सांगते." आणि लगेच, "नको. तिथेच थांब. फोनवरच सांगते. मला तुझी लाज वाटते गं."

मी समोरची उत्तरपत्रिका उलटी ठेवली.

"मालनने मला कशाकशात पाहिलंय. आम्ही दोघींनी मिळून लोकांचं काय काय उचललंय. तिच्यासमोर काही वाटत नाही. तू आलीस की मला उठून बसावंसं वाटतं. साडी नीट करावीशी वाटते. खोलीत वास आहे का ते आधी बघते मी. आणि तू पांघरूण बदलताना श्वास रोखतेस, ते मला दिसतं. नाक दाबत नाहीस, चांगलं वागतेस. पण रोखतेस."

ते खरं होतं.

"प्रश्नावलीत हे नाहीच," आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "ठणका आहे, भूक आहे, भीती आहे, देव आहे. लाज नाही. मी विचारायचे तेव्हा खोलीत लाज वाटावी असं कुणी नसायचंच. मीच घालवून दिलेले असायचे." तिचा आवाज बसला. "किती घरांत गं? मुलगा लांबून येतो आणि बाप झोपलेला. आणि आम्ही अहवालात लिहिलंय, रुग्ण कुटुंबीयांच्या सहवासात शांत असतात. मी लिहिलंय. माझं वाक्य आहे ते."

*

नम्रता व्हिडिओ कॉलवर आली. ती पूर्वी संशोधनासाठी आमच्याच घरी राहायची, माझ्याच वयाची. आईला मॅडम म्हणते.

"मॅडम, एका रुग्णावरून..."

"एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच तुला शिकवलंय. पण शंका घ्यायला एक रुग्ण पुरतो. भेटीच्या वेळा आणि डोसच्या वेळा ताडून पाहा. सगळ्या घरांच्या."

"पाहते." नम्रताचा चेहरा उतरला होता. "पण तुमचा पंप स्वयंचलितवरून काढायचा म्हणजे... तुम्हाला दुखेल, मॅडम."

"बटण सुवार्ताच्या हातात दे. ती मला विचारेल आणि मग देईल. आणि रोज प्रश्नावली पण तीच विचारेल. शेवटी लाजेचा प्रश्न घाल."

"मॅडम, विचारणारा तिऱ्हाईत हवा. नातेवाईक चालत नाही."

"म्हणून तर," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मालनमावशीला तिने बाहेर बसायला सांगितलं. मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता मला बाहेर काढतीस व्हय? इतकी वर्षं लोकांच्या पोरांना काढलंस, आता माझी पाळी?"

"चहा पिऊन ये जा."

"चहा बी मीच करायचा," असं पुटपुटत ती गेली.

मी खुर्चीत बसले. आकडा चढला. पंप गप्प राहिला. आई जागी राहिली. कित्येक दिवसांनी मी तिचे उघडे डोळे इतक्या जवळून पाहत होते. ते पिवळे झाले होते, आणि माझ्यावर रोखलेले होते.

"विचार," ती म्हणाली. "चेहरा सरळ ठेव."

"आज कुठे ठणका आहे का?"

"पोटात. अर्धा."

"रात्री झोप?"

"तळाशी."

भीती विचारली, भूक विचारली, प्रार्थनेत मन लागतं का विचारलं. तिने तिऱ्हाइताला द्यावीत तशी उत्तरं दिली. मग शेवटचा प्रश्न, नम्रताने नवा घातलेला.

"घरच्या माणसांसमोर स्वतःच्या शरीराची लाज वाटते का?"

"काठोकाठ."

माझं बोट फोनच्या पडद्यावर अर्ध्या तांब्यावर जाऊन थांबलं.

"काय ऐकलंस?" आईने विचारलं.

"काठोकाठ."

"मग तिथे लाव."

मी लावलं. ती थोडा वेळ दम खात पडून राहिली. मग म्हणाली, "अजून एक प्रश्न हवा. घरच्यांना विचारायचा. तुला माझी वाटते का?"

"नाही," मी म्हटलं.

"किती पटकन म्हणालीस," आई म्हणाली. "वॉर्डात लोक बरं हाय म्हणायचे ना, तसं." आणि तिने तो विषय सोडून दिला.

*

त्यानंतर आम्ही एक व्यवस्था लावून घेतली. अंग पुसणं, बदलणं, सगळं मावशी करणार; त्या वेळी मी गॅलरीत. आतून हसण्याचा आवाज आला की समजायचं, झालं. मग मी आत जायचे. आकडा चढायचा, पण पूर्वीइतका नाही.

दुखायचं मात्र खूप. बोलता बोलता तिचा चेहरा आवळायचा. मी बटण हातात घेऊन विचारायचे, "देऊ का?" ती बोट वर करायची: थांब, हे वाक्य पुरं करू दे. कधी वाक्य पुरं व्हायचं, कधी नाही. तिने मला तिच्या पहिल्या पोस्टिंगबद्दल सांगितलं, माझ्या वडिलांनी तिला लग्नाआधी लिहिलेल्या आणि तिने परत पाठवलेल्या कवितेबद्दल सांगितलं. "वृत्त चुकलं होतं," म्हणाली. मी चर्चला जायचं का सोडलं यावर आम्ही चक्क भांडलो. एका दुपारी तिला एक भजन आठवेना, तेव्हा मी नेटवर शोधायला लागले तर म्हणाली, "नको शोधू, दोघी मिळून आठवू," आणि आम्ही ते चुकीचंच म्हटलं. एवढ्या वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. आणि हे सगळं तिला दुखत असताना चाललं होतं. औषध लवकर दिलं असतं तर तिला आराम पडला असता. ती थांब म्हणायची आणि मी थांबायचे. मला ते हवं होतं म्हणूनही थांबायचे.

नम्रताचा निरोप आला. बाकीच्या घरांचेही आलेख तसेच होते. भेटायला माणूस आला की कडा, डोस, झोप.

आईने निरोप दोनदा वाचायला लावला. मग भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती माझ्याशीही बोलली नाही आणि मावशीशीही.

*

मावशी नातीच्या बारशाला जयसिंगपूरला गेली होती, त्या सकाळची गोष्ट. दुपारपर्यंत येते, असं सांगून गेली होती.

मी आईशेजारी बसून तिला पेपर वाचून दाखवत होते. एकाएकी तिने डोळे छताकडे वळवले आणि ओठ घट्ट मिटले. मग वास आला. पांघरुणाखालून चादरीवर ओल पसरली होती. आकडा चढत होता. त्याच वेळी पोटात कळ उठली असावी, कारण तिचे गुडघे वर आले.

"मावशी येईपर्यंत..." मी म्हटलं.

तिने मान हलवली. तोवर थांबणं शक्य नव्हतं, हे आम्हाला दोघींनाही दिसत होतं.

मी कोमट पाणी आणलं, फडकी आणली, नवी चादर आणली. सगळं स्टुलावर ठेवलं. मग नियमाप्रमाणे तिच्यासमोर वाकून विचारलं.

"आई, औषध देऊ का आधी? का तशीच करू?"

बटण माझ्या मुठीत होतं. विचारताना माझा अंगठा त्यावर होता.

तिने आधी अंगठ्याकडे पाहिलं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, इतके दिवस आम्ही बोलताना पाहायची तसंच, काही चुकू नये असं.

"दे," ती म्हणाली. "झोपव आधी."

मी दाबलं.

तिचा श्वास खोल जाईपर्यंत मी थांबले. पापण्या पुरत्या मिटल्या, याची खात्री केली. मग ओढणी नाकातोंडावरून घेऊन मागे गाठ मारली आणि कामाला लागले. पाणी दोनदा बदललं. तिचे पाय किती हलके झालेत, हे मला त्या दिवशी कळलं. मावशी करते तसं काहीतरी बोलत करावं असं मनात आलं, पण ओढणीतून आवाज घुसमटला, म्हणून गप्प राहिले. आकडा सारा वेळ खाली होता.

दुपारी मावशी पेढे घेऊन आली. धुतलेली चादर गॅलरीत वाळत होती. ती चादरीकडे बघत राहिली.

"तू केलंस?"

"हो."

"जागी होती?"

"नाही."

"बरं झालं गं बाई," मावशी म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला सोसवेना.

आई पुन्हा जागी झाली नाही. आम्ही दोघी जवळ असताना ती दुसऱ्या दिवशी गेली.

*

दफन झाल्यावर काही दिवसांनी नम्रता पंप आणि पट्टी न्यायला आली. वायर गुंडाळताना ती हळूहळू सांगत होती. सगळ्या पंपांमध्ये प्रश्न परत घातला होता. आता डोस आधी विचारला जाणार होता, आणि नातेवाईक खोलीत असताना यंत्र आपणहून काही देणार नव्हतं. प्रश्नावलीत लाजेचा प्रश्न कायम झाला होता.

"आणि सुवार्ता, तू फोनवर सांगितलेली ती शेवटची नोंद," ती म्हणाली. "फार महत्त्वाची आहे. पूर्ण जागा रुग्ण, विचारणारी मुलगी, आणि रुग्ण स्वतःहून सांगतो की हे होताना मला झोपव. असं उत्तर आमच्याकडे दुसरं नाही. यावरून आम्हाला ठरवता येईल की अशा वेळी यंत्राने झोप सुचवावी का. मॅडमनी जाता जाताही..."

"ते उत्तर धरू नकोस," मी म्हटलं.

नम्रताने वर पाहिलं. "का?"

"मी विचारताना माझा अंगठा आधीच बटणावर होता. तिने तो पाहिला."

मग तिने नजर खाली केली आणि वायरीचं वेटोळं उगाच पुन्हा उलगडलं.

"पण डोसची नोंद आहे," ती म्हणाली. "विचारलं होतं का, त्या रकान्यात काहीतरी लिहावं लागेल. काय लिहू?"

"विचारलं नाही, असं लिही."